तुझाच

शब्दकोशातून जुनं पत्र खाली पडलं. लेकीनं उचलून शेवटची ओळ वाचली आणि हसली. "ही शशी कोण हो, बाबा?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा चष्मा पुसत राहिले.

"चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत आणि घरातली चूक तशीच? 'तुझाच शशी' लिहिलंय बाईनं!" तिनं त्यांचं लाल पेन पुढे केलं. "काना खोडा, वेलांटी द्या."

त्यांनी टोपण काढलं, कागदापर्यंत हात नेला आणि थांबले.

"चूक नाही ती, बाळा. शशिकांत नाव त्याचं." त्यांनी टोपण परत लावलं. "तुझ्या आईलाही कधी सांगू शकलो नाही."

लेकीनं ओळ पुन्हा वाचली, या वेळी चूक न शोधता. मग पत्र नीट घडी करून त्यांच्या हातात दिलं.

"आता कुठे असतात ते?"