भिकाजीचं भाषण

"हे सांगितलं तर कोणाला पटायचं नाही," म्हणत म्हाताऱ्या गणू तांडेलानं हातातलं जाळं बाजूला ठेवलं आणि धक्क्यावरच्या मंडळींना गोष्ट सांगायला घेतली.

भिकाजी खारवी याच धक्क्यावर रोज भाषण करायचा. पण सरकारनं प्रत्येकाच्या कानात गाळणी बसवलेली. द्वेषाचं बोलणं तिच्यात अडकायचं. लोकांना ऐकू यायचं ते एवढंच: "बंधूंनो," मग बराच वेळ नुसते हलणारे ओठ, आणि शेवटी "नमस्कार." गाव म्हणालं, काय मितभाषी माणूस आहे. खाडीच्या बंधाऱ्याची दारं उघडण्या-लावण्याचं काम त्याच्याच हाती दिलं.

बुडालेल्या गावातून इथे वस्तीला आलेल्या सुंदराबाईला मात्र ते ओठ खुपायचे. ती सभेत म्हणाली, "माझी गाळणी काढा. शिवी आमच्या वस्तीला असेल, तर आम्हाला ऐकू दे."

"बाई, तुमचं मन दुखू नये म्हणूनच आहे ती," सभेला आलेले सरकारी साहेब म्हणाले.

"मन दुखलं तरी चालेल, साहेब. पोरं जगली पाहिजेत."

तिचं कोणी मानलं नाही. मोठ्या उधाणाला भिकाजीनं वस्तीकडचं दार उघडंच ठेवलं. सुंदराबाई गेली, तिची दोन पोरं गेली.

"आणि रोज भाषणात तो हेच सांगायचा," तांडेल हळूच म्हणाला, "की उधाण येऊ दे, यांच्याकडचं दार मी लावणार नाही. पण कोणालाच ऐकू आलं नाही."

समोर मासळी निवडत बसलेली सुंदराबाईची वाचलेली थोरली लेक शेवंती थांबली.

"खोटं बोलताय, तांडेल," ती म्हणाली. "कोणालाच ऐकू आलं नाही, तर तो काय म्हणायचा हे तुम्हाला कसं ठाऊक?"