पंचम

गाण्याचे गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा योगिताच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तळोद्याला दहाव्याला जाऊन आली, गुरुमाईंनी दिलेली गुरुजींची पेटी घेऊन सुरतेला परतली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसली. भात्यातून हवा जात होती, म्हणून पेटी डिंडोलीतल्या कारागिराकडे टाकली. आज आणायला गेली, तर तो कौतुकानं म्हणाला, "बेन, इसका पंचम गूंगा था, वो भी चालू कर दिया." तिनं भाता मारला. सा, रे, ग, म. शिकताना पंचमावर आलं की पोरींची बोटं थांबायची आणि न वाजणारा तो सूर गुरुजी स्वतःच्या गळ्यातून लावायचे. सवयीनं आताही बोट थांबलं. वाट पाहून तिनं पट्टी दाबली. पंचम खणखणीत वाजला. "बराबर है ना?" "बराबर आहे, भाई. परत मुका करून द्या."