गोठलेली वाफ

"झिवको, तंबूची झडप उघडी ठेव म्हणून किती वेळा सांगितलं?" बायको करवादली.

ऱ्होडोपी डोंगरांच्या बर्फातल्या आमच्या सायकल-सहलीची पहिली सकाळ. श्वासांची वाफ छताच्या कापडावर गोठली होती. ती वितळून स्लीपिंग बॅगा भिजल्या, तर सहल इथेच संपली.

"थंडी तुलाच वाजत होती ना, राडकाबाई!"

फडकं घेऊन मी छतावरचा, तिच्या डोक्याच्या वरचा पांढरा डाग पुसला. मग माझ्या डोक्याच्या वरचा.

पायांच्या वर तिसरा होता.

"तिथे नुसत्या पिशव्या आहेत," राडका चिडली. "त्याही घोरतात का तुझ्यासारख्या?"

तोही पुसला. आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला.

पायांच्या वरचं कापड हळूहळू पुन्हा पांढरं होऊ लागलं.