नऊवीस

सकाळच्या हजेरीला पोरं एकमेकांना मोजत होती. "सत्तावीस, अठ्ठावीस, नऊवीस!" खिडकीबाहेर उभ्या हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी दाटलं.

नऊवीस हा तिच्या कस्तुराचा शब्द. एकोणतीस काही केल्या त्या पोरीच्या जिभेवर बसायचं नाही. वर्गातल्या साऱ्यांच्या कानामागे यंत्राची बारीक जोड होती; एकाला उमगलं की सगळ्यांना उमगायचं, आणि एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकायचं. कस्तुरा तापानं गेली. दाणे संपले तरी सुपाला वास राहावा, तसं तिचं चुकणं तेवढं मागं राहिलं. तेच ऐकायला आई रोज यायची.

"हौसाबाई, आज ते नऊवीस सुधारावं लागेल," वर्गाच्या सुगंधाबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या. "वरून सांगणं आलंय. तुम्ही नको म्हणाल तर..."

"नको कशाला? पोरांनी जन्मभर चुकीचं मोजायचं व्हय?" तिनं पदर तोंडाला लावला. "सुधारा. म्या हितंच हाय."

बाई फळ्याकडे वळल्या. "एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणं. तिसांतला एक नाही, असं."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग कोपऱ्यातली शेवंता म्हणाली, "म्हंजी आपणच की, बाई. कस्तुरा न्हाई ना."

एकीला उमगलं, तसं साऱ्यांना उमगलं. सारा वर्ग एकाच हुंदक्यानं रडला. रडत रडतच पोरांनी पुन्हा मोजलं आणि शेवटाला सारी म्हणाली, "एकोणतीस."

खिडकीचे गज धरून हौसाबाई पुटपुटली, "शिकली गं बया. अखेर शिकली माझी पोर."