शून्य मासळी

दिघी बंदरावर मच्छीमार सोसायटीसाठी मी ॲप बनवलं. होडी धक्क्याला लागली की तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, हातातल्या मशीनवर मासळी किती मिळाली ते भरायचं. आठवडाभर सगळ्या होड्यांचा आकडा शून्य. चेअरमन अब्दुस्समदचाचा वैतागले. “तुझं मशीन बिघडलंय. आज चाललं न्हाय तर घरी ने.” मशीन ठणठणीत होतं. समोर धर्मा तांडेल पापलेटांच्या टोपल्या उतरवत होता. विचारलं, “काय मिळालं?” “कसलं काय. न्हाय काहीच.” तेव्हा ट्यूब पेटली. नजर लागेल म्हणून इथे कुणी खरं सांगतच नाही. तिथेच बसल्याबसल्या प्रश्न बदलून मशीन पुढे केलं: बर्फ किती लागला? “सगळ्या लाद्या संपल्या, तरी कमी पडल्या,” करवादत धर्माने आकडा भरला. बर्फावरून मासळीचं वजन ॲपच काढतं. चाचा हसले. “ठेव मशीन. माझ्या होडीला मात्र बर्फ लागलाच न्हाय, असं लिही.”