वासर

"तुम्हाला कूस बदलून देऊ का?" माझा निनाद आरशासमोर उभा राहून जर्मनमध्ये विचारत होता. अर्थ त्यानेच मला सांगितला होता. जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नोकरी हवी, तर असंच गोड बोलावं लागतं म्हणे. ही भाषा का शिकताय, असं विचारलं तर द्यायचं उत्तरही त्याने घोकून ठेवलं होतं: मला म्हाताऱ्या माणसांचा फार लळा आहे.

पलीकडच्या खोलीत माझे सासरे अंथरुणाला खिळलेले. "निनाद, पाणी दे रे," त्यांनी हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली.

"आई, तू बघ ना! माझी लिंक तुटते," हा आरशासमोरूनच खेकसला. मला शिसारी आली. पोटच्या पोराची शिसारी! कणकेचे हात धुवायला मी नळ सोडला.

तेवढ्यात खोलीतून घोगरा आवाज आला, "वासर, बिट्टे."

यांना आता गाईचं वासरू कुठून आठवलं, असं मला वाटलं. निनाद मात्र धावत सुटला. मीही मागोमाग दारात पोचले, तेव्हा कळलं. जर्मनमध्ये पाणी कसं मागतात, ते सासऱ्यांनी रोज भिंतीपलीकडून ऐकून उचललं होतं. कोरडे ओठ उघडे ठेवून ते नातवाकडे बघत होते.

निनादचा चेहरा उजळला. उशाशी बसून त्याने त्यांचा हात हातात घेतला.

"वासर नाही, आजोबा," तो त्याच गोड आवाजात म्हणाला, "व्हासर. म्हणा बघू पुन्हा."

पाण्याचा तांब्या त्याच्या कोपराला लागत होता.