संसारावर प्रेम

'संसार' हा शब्द तोंडातून गेला आणि काचेपलीकडे बसलेल्या दिनानाथ गायकवाडांनी कपाळाला हात लावला. काय चुकलं ते ईशाला उमगलं नाही. प्रक्षेपण थेट होतं, थांबण्याची सोय नव्हती. ती बोलत राहिली. "देवाचं संसारावर प्रेम आहे. संसार कितीही बिघडलेला असू दे, तो त्याला टाकून देत नाही."

भजन सुरू झालं तसे गायकवाड आत आले. नगरला आयुष्यभर मराठी शिकवून ते चर्चचे पाळक म्हणून इंदूरला आले होते, आणि इथली मराठी ऐकताना अजूनही त्यांचे कान दुखत.

"ईशाबाई, संसार नव्हे. जग. देवाचं जगावर प्रेम आहे."

"तेच तर बोलली मी, सरजी. संसार म्हणजे जगच ना?"

"ते हिंदीत. मराठीत संसार म्हणजे नवरा, पोरंबाळं, भांडीकुंडी. देवाचं पातेल्यांवर आणि झाऱ्यांवर प्रेम आहे, असं तुम्ही आत्ता सबंध महाराष्ट्राला सांगितलंत."

ईशाचा चेहरा उतरला. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या या खोलीतून एका ख्रिस्ती संस्थेचे कार्यक्रम इंटरनेटवर जात. हिंदी कार्यक्रमाला फोन आवरत नसत. मराठी तास हा मात्र ईशाचा एकटीचा हट्ट होता. तिचे आजोबा गिरणीत कामाला म्हणून नगरहून इंदूरला आले. घरात मराठी उरली ती जेवणापुरती आणि प्रार्थनेपुरती. तेवढ्या पुंजीवर तिने हा तास उभा केला, आणि आजवर एकाही माणसाने फोन केला नव्हता. आजही कुणी बोललं नाही तर तास बंद, असं संस्थेने ठरवलं होतं. ही शेवटची संधीसुद्धा गायकवाडांनीच भांडून मिळवली होती. तिची मराठी म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातली चाट आहे, सगळं एकत्र, असं ते तिला चिडवत. पण बैठकीत तिच्या बाजूने बोलणारे ते एकटेच होते.

भजन संपत आलं आणि फोनचा दिवा लागला.

गायकवाड लगबगीने काचेपलीकडे गेले. फोन कार्यक्रमातच घ्यायचा होता.

"नमस्कार ताई," एक बाई दबक्या आवाजात म्हणाली. "मी उषा. जिंतूरकडून बोलते. तुम्ही मघाशी संसाराचं म्हणालात, ते पुन्हा सांगता का?"

ईशा काही म्हणायच्या आत बाईच पुढे बोलू लागली.

"आमचे मालक अंथरुणाला खिळलेत. सासूबाईंना दिसत नाही. गावात सप्ताह बसतो, मला जाता येत नाही. बायका देवदर्शनाला जातात, मी दारातून बघते. सगळे सांगतात, संसारातून मन काढल्याशिवाय देव भेटत नाही. आता मी मन काढलं तर यांच्या तोंडात घास कोण घालणार? म्हणून देवाचं नाव घेणंच सोडलं होतं मी. आपण त्याच्यातले नाही, असं धरून चालले. आणि आज तुम्ही म्हणता, देवाचं संसारावर प्रेम आहे. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, ताई."

ईशाने काचेकडे पाहिलं. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे गायकवाड हाताने खूण करत होते: राहू द्या, तसंच राहू द्या.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तास वाचला असता. पण ही बाई त्या शब्दावर आपला सगळा भार टाकायला निघाली होती, आणि तो शब्द चुकून सांडलेला होता. ईशाला ते सोसेना.

"उषाताई, माफ करा. माझी मराठी इंदूरची आहे, तिच्यात हिंदी घुसते. मला जग म्हणायचं होतं. देवाचं जगावर प्रेम आहे, असं बायबलात वचन आहे. संसार गलतीने निघाला."

पलीकडे कुणीतरी खोकलं. "थांबा हं," असा आवाज आला. भांडं वाजलं. उषाताई कुणाला तरी पाणी पाजत होत्या. गायकवाडांनी डोळे मिटून घेतले. फोन आता कटणार, असं ईशाने मनाशी धरलं.

पण फोनमधून हसू ऐकू आलं. आधी दबकं, मग अगदी मोकळं. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसाला स्वतःच्याच हसण्याचं नवल वाटावं, तसं.

"एवढंच होय? मी म्हटलं, आता काय काढून घेताय. पुढच्या रविवारी आमच्या जाऊबाईंनाही घेऊन बसते फोनपाशी. तुम्ही जग म्हणा नाहीतर संसार म्हणा. अहो ताई, माझा संसार काय जगाबाहेर मांडलाय?"